कोंबडीला टीव्ही दिसतो का? बुजगावण्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंतचा इतिहास

१/
कोंबडीला टीव्ही दिसतो का? प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु १९९० च्या दशकात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारी एक अख्खी शाखा याच प्रश्नापाशी अडून बसली होती. आज जगभरातले संशोधक मासे, पोपट, कोळी, वानरे यांच्यापुढे मोबाइल किंवा टॅबलेट धरून त्यावर चित्रे दाखवतात आणि प्राणी काय करतो ते टिपतात. प्राण्याला 'काहीतरी दाखवून पाहण्याच्या' या पद्धतीचा इतिहास आजच्या धाग्यात मांडते आहे. धागा दीर्घ आहे.

२/
इतिहासाच्या विद्यार्थिनीने यात का पडावे, असे काही जण विचारतील. उपकरणांनाही इतिहास असतो, आणि तो बहुधा उपकरण बनवणाऱ्याच्या डोळ्यांचा इतिहास असतो, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर भूगोलाचे आहे. मी लिहिते आहे टेंभुर्णीहून. आमच्या शेजारी उजनीत जी भीमा अडवली आहे, तिच्या उगमापाशी या विषयातला एक विलक्षण प्रयोग झालेला आहे. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळरानावर या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास काय गमवावे लागते, तेही दिसते.

३/
आरंभ प्रयोगशाळेत होत नाही, शेतात होतो. मराठीत 'बुजणे' हे क्रियापद पाहा. बैल बुजतो, घोडा बुजतो. अनोळखी काही दिसल्याने जनावराने बिचकून अंग चोरणे किंवा उधळणे, एवढा सगळा अर्थ या एका शब्दात सामावला आहे. त्यावरूनच 'बुजगावणे' आले. ज्वारीच्या पिकात उभे केलेले, फाटका सदरा आणि डोक्याला मडके असलेले ते रूप म्हणजे पाखरांसाठी रचलेले दृश्यच होय. पाखरू माणसाच्या कोणत्या खुणा ओळखते, याचा अंदाज बांधून शेतकऱ्याने ते रचलेले असते. सदरा लागतो, आडवे हात लागतात, डोके लागते. नाक-डोळे नसले तरी चालतात.

४/
त्या अंदाजाची मर्यादाही शेतकऱ्याला ठाऊक असते. चार-आठ दिवसांत पाखरे बुजगावण्याच्या खांद्यावर येऊन बसतात. म्हणून ते हलवायचे, सदरा बदलायचा, शेजारी डबा बांधायचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा. १९६१ मध्ये एका शास्त्रज्ञाला हेच नव्याने सिद्ध करावे लागले.

५/
गोठ्यातले उदाहरण थोडे क्रूर आहे. वासरू दगावले की गाय-म्हैस पान्हा चोरते. तेव्हा मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायची रीत होती. गाय ते चाटे आणि दूध सोडी. येथे काम डोळ्यांपेक्षा नाकाचे अधिक. दृश्य एकटे क्वचितच पुरेसे असते, हा धडा पडद्यावर विसंबणाऱ्या संशोधकांना फार उशिरा मिळाला.

६/
आता शिकारीकडे. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात पारध्यांचे पोटभेद नोंदले आहेत. फासे लावणारे, चित्ते पाळणारे, आणि बैलाच्या आडून सावजाजवळ सरकणारे 'गायके'. या तिसऱ्या पद्धतीचा विचार करा. माळरानावर आडोसा नाही. काळविटाची नजर तीक्ष्ण आणि माणूस दिसताच कळप पळणार. परंतु चरणारे जनावर हे त्याच्या रोजच्या दृश्याचा भाग असते. पारध्याने स्वतःला लपवले नाही, त्याने काळविटाच्या डोळ्यांतले आपले रूप बदलले.

७/
राजेरजवाड्यांच्या शिकारीतही तेच तत्त्व होते. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. चित्त्याला नेत बैलगाडीतून, कारण गाडीला काळवीट बुजत नसत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घातलेली असे. कळप पुरेसा जवळ आला, सावज समोर आले, की टोपी काढायची. म्हणजे एकाच शिकारीत दोन प्राण्यांच्या दृष्टीचे नियमन चालू असे. एकाला धोका ओळखू द्यायचा नाही, आणि दुसऱ्याला ठरलेल्या क्षणापूर्वी काही दिसूच द्यायचे नाही. 'ठरलेल्या क्षणी ठरलेले दृश्य' ही आजच्या कोणत्याही प्रयोगाची पहिली अट आहे.

८/
हे ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांचे पुढे काय झाले? १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक भटक्या जमातींना गुन्हेगार ठरवले गेले. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट हा त्याच इतिहासाचा भाग. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. माळरानाच्या प्राण्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलेली माणसे सरकारी कागदांत केवळ संशयित म्हणून उरली. शिकारीचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. परंतु प्राण्यांच्या दृष्टीचे निरीक्षण युरोपात सुरू झाले, असे पाठ्यपुस्तकांतून सूचित होते, तेव्हा ही माणसे आठवल्याखेरीज राहत नाहीत.

९/
आता युरोप. १९३७ चा वसंत, ऑस्ट्रियातील आल्टेनबर्ग. कोनराड लोरेन्ट्स आणि निको टिंबर्गन यांनी पुठ्ठ्याच्या आकृत्या कापून तारेवरून टर्की, हंस यांसारख्या पक्ष्यांच्या पिलांच्या डोक्यावरून सरकवल्या. त्यांतली एक आकृती गाजली. एका टोकाला आखूड भाग, दुसऱ्या टोकाला लांब. आखूड टोक पुढे करून सरकवली तर ती ससाण्यासारखी दिसे. लांब टोक पुढे केले तर मान ताणून उडणाऱ्या हंसासारखी. पुठ्ठा तोच, दिशा उलट. पिले ससाण्याला घाबरली, हंसाला नाही, असे वृत्त आले, आणि शिकारी पक्ष्याची आकृती पिलाला जन्मतःच ठाऊक असते, ही कल्पना पुस्तकांत रुजली.

१०/
टिंबर्गन यांचे काटेमासे त्याहून मजेदार. विणीच्या हंगामात या माशाच्या नराचे पोट लाल होते आणि तो दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर धावून जातो. टिंबर्गन यांनी मेणाचे ओबडधोबड मासे केले. हुबेहूब, परंतु लाल रंग नसलेल्या प्रतिकृतीकडे नरांनी दुर्लक्ष केले. आकार बेंगरूळ, पण खाली लाल असलेल्या गोळ्यावर हल्ला केला. खिडकीजवळच्या टाकीतले नर बाहेरून जाणाऱ्या टपालखात्याच्या लाल गाडीवरही धावून जात, असे त्यांनी नोंदवले आहे. नाक-डोळे नसलेल्या बुजगावण्याचे हे शास्त्रीय रूप. १९७३ चे नोबेल पारितोषिक टिंबर्गन, लोरेन्ट्स आणि कार्ल फॉन फ्रिश यांना विभागून मिळाले.

११/
आणि चौथ्या पोस्टमधली पाखरे? १९६१ मध्ये वोल्फगांग श्लाइट यांनी टर्कींना आकृत्या पुन्हा पुन्हा दाखवल्या. टर्की 'ससाण्याला' घाबरत नव्हते, ते क्वचित दिसणाऱ्या आकृतीला घाबरत होते. जी आकृती वारंवार दिसते तिची सवय होते; मग ती हंस असो वा ससाणा. बैलगाडीला न बुजणारा काळवीट आणि बुजगावण्यावर बसणारे पाखरू एकाच वेळी सिद्ध झाले. जुन्या पुठ्ठ्याची गोष्ट मात्र अजूनही पुस्तकांतून सांगितली जाते. सुबक कथेला मरण नसते, हे आम्हा इतिहासवाल्यांना वेगळे सांगायला नको.

१२/
१९५९ मध्ये लेटविन, मातुराना, मॅकुलक आणि पिट्स यांनी बेडकाचा डोळा त्याच्या मेंदूला काय कळवतो, हे शोधले. पडदा कोणता? १४ इंच व्यासाचा, करड्या रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा अर्धगोल. त्याच्या आतल्या बाजूस लहान वस्तू ठेवायच्या आणि बाहेरून लोहचुंबकाने फिरवायच्या. बेडकाच्या डोळ्यातले काही तंतू लहान, गडद, हलत्या ठिपक्यालाच प्रतिसाद देत. मोबाइलवर धावणाऱ्या मुंग्यांच्या खेळावर बेडूक जीभ मारतो, ती चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपण हसलो. बेडकाचे मात्र काही चुकले नव्हते. लहान, गडद आणि हलते म्हणजे खाद्य, हा त्याच्या डोळ्याचा हिशोब तळ्याकाठी सहसा चुकत नाही.

१३/
पडदा खऱ्या अर्थाने आला तो चित्रपटाबरोबर. १९७० च्या सुमारास जेन्सन यांनी सरड्यांना दुसऱ्या सरड्याच्या मान हलवण्याची फिल्म दाखवली. १९९१ मध्ये एव्हन्स आणि मार्लर यांनी कोंबड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. वर ससाण्यासारखे काही दिसले की कोंबडा इशाऱ्याची हाक देतो. शेजारी कोंबडी असेल तर अधिक देतो, एकटा असेल तर कमी. त्यांनी खऱ्या कोंबडीऐवजी टीव्हीवर कोंबडीचे चित्र दाखवले. कोंबड्याने तिलाही 'श्रोता' मानून हाका वाढवल्या. म्हणजे कोंबडीला टीव्ही दिसतो? एवढ्यात निष्कर्ष नको.

१४/
कारण त्या काळातला काचेच्या नळीचा टीव्ही अखंड उजळत नसे. अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा, भारतात व युरोपात ५० वेळा तो चमके आणि विझे. साधारण ५० ते ६० च्या पुढची लुकलुक माणसाला जाणवत नाही, म्हणून आपल्याला चित्र सलग वाटे. कोंबडीचा डोळा भरपूर उजेडात ८० च्या पुढची लुकलुकही टिपू शकतो. मधमाशी त्याच्याही खूप पुढे. आपण ज्याला 'चित्र' म्हणत होतो, ते तिच्यासाठी थरथरणारा उजेड असण्याचा संभव होता. कोंबड्याने प्रतिसाद दिला, हे खरे. परंतु एखाद्या प्राण्याने प्रतिसाद दिला नाही तर तो त्याचा स्वभाव, की टीव्हीचा दोष, हे कळायला मार्ग नव्हता. १९९८ ते २००० च्या सुमारास यावर नियतकालिकांत बराच वाद झाला.

१५/
रंगांची अडचण अधिक खोल आहे. झेंडूचा फोटो मोबाइलवर उघडा. तो पिवळा दिसतो, परंतु पडद्यातून पिवळा प्रकाश येतच नाही. लाल आणि हिरव्या बारीक ठिपक्यांचे मिश्रण येते आणि आपला डोळा त्याला पिवळे समजतो. ही युक्ती माणसाच्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या रंगपेशींसाठी बेतलेली आहे. पक्ष्यांत त्या चार प्रकारच्या असतात आणि अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो. तो तर मोबाइलमधून बाहेर पडतच नाही. आपल्याला हुबेहूब वाटणारा झेंडू त्यांना कसा दिसत असेल? झेंडूसारखा नव्हे, एवढे निश्चित. प्रत्येक रंगीत पडदा हा माणसाच्या डोळ्याचा साचा आहे.

१६/
तरीही मोबाइल आला आणि टिकला; त्याची कारणे व्यावहारिक आहेत. सपाट पडदा नळीसारखा विझत-पेटत नाही. एक चित्र पुढचे येईपर्यंत टिकते. तो बॅटरीवर चालतो, माशांच्या टाकीला टेकवता येतो, पिशवीत घालून रानात नेता येतो. चित्र संगणकावर तयार केले की एकच बाब बदलून पाहता येते. माशाचे पट्टे कमी करायचे, शेपूट लांबवायचे, बाकी सर्व तेच. टिंबर्गन यांना त्यासाठी प्रत्येक वेळी नवा मेणाचा मासा करावा लागला असता. १९३७ च्या पुठ्ठ्याचा वारसाही पडद्याने चालवला. २०१३ मध्ये यिल्माझ आणि माइस्टर यांनी उंदरांच्या डोक्यावरच्या पडद्यावर झपाट्याने मोठे होत जाणारे काळे वर्तुळ दाखवले. उंदीर एकतर थिजले, नाहीतर आडोशाला पळाले. पंख नाहीत, चोच नाही, नुसते वाढणारे काळे वर्तुळ.

१७/
मोबाइलचे स्वतःचे दोषही आहेत. उजेड आपोआप कमी-जास्त करण्याची सोय चालू राहिली तर दोन प्राण्यांना दोन वेगळी चित्रे दाखवली जातात. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर होतो, तेही तसेच. काही नव्या पडद्यांत उजेड मंद करण्यासाठी तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केला जातो. म्हणजे जुनी लुकलुक मागच्या दाराने परत. २०१७ मध्ये 'करंट झूऑलॉजी' या नियतकालिकात अनेक संशोधकांनी मिळून कृत्रिम चलचित्रे वापरताना घ्यावयाच्या दक्षतांची दीर्घ चर्चा केली. ती वाचताना सतत जाणवते की, निम्मी दक्षता यंत्राविषयी आहे आणि निम्मी 'मला दिसते तेच त्याला दिसते' या सवयीविषयी.

१८/
घरी करून पाहण्याजोगी एक गोष्ट. उन्हात वापरायचा पोलराइज्ड चष्मा घालून मोबाइल किंवा लॅपटॉपचा पडदा हळूहळू फिरवा. अनेक पडदे एका कोनात काळे पडतात, कारण त्यांतून येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित असतो. आपल्याला तो फरक उघड्या डोळ्यांनी जवळजवळ कळत नाही. मधमाशीला कळतो; आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून ती दिशा ठरवते, हे फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकात दाखवले. २०१२ मध्ये काही संशोधकांनी हा दोषच हत्यार केला. पडद्याच्या वरचा थर काढून टाकला, तेव्हा माणसाला कोरा दिसणारा पडदा कटलफिशला चित्र दाखवू लागला.

१९/
आता भीमेच्या उगमाकडे. भीमाशंकरच्या अभयारण्यात लाकूड पोखरून घर करणारे भुंगे आहेत. संतसाहित्यातून आपल्या परिचयाचा हा जीव. त्यांतली एक जात, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, रात्री उडते. चंद्र नसलेल्या रात्रीही. या भुंग्याचा डोळा दिवसा उडणाऱ्या कीटकांच्या धाटणीचा आहे, म्हणजे अंधारासाठी मुळात बेतलेला नाही. मग त्याला घराचे तोंड सापडते कसे?

२०/
हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट आणि अल्मुट केल्बर यांचा शोधनिबंध २००८ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त आला. भुंग्यांच्या घरापाशी रंगीत खुणा ठेवल्या. भुंगे ती खूण शिकले आणि केवळ ताऱ्यांच्या उजेडात, जेव्हा माणसाला एकही रंग कळत नाही, तेव्हाही रंगावरून ती ओळखू लागले. रंगच ओळखला, की नुसता कमी-जास्त उजळपणा, ही शंका अशा प्रयोगात नेहमी येते. तिचे उत्तर फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्येच घालून दिले होते: निळा कागद करड्या रंगाच्या अनेक छटांमध्ये ठेवायचा. मधमाशीने तरीही निळाच निवडला, तर तिला रंग दिसतो.

२१/
येथे मोबाइल का चालला नसता, हे सांगण्याजोगे आहे. अनेक मोबाइलचा पडदा 'काळा' असतो तेव्हाही मागच्या दिव्याचा थोडा उजेड झिरपतो. ताऱ्यांच्या उजेडापुढे तो काळा पडदा म्हणजे कंदील. खूण दाखवण्याच्या नादात रात्रच नाहीशी झाली असती. आधुनिक साधन नेहमीच सरस, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी भीमाशंकरचा हा प्रयोग अवश्य पाहावा. माझ्या मते महाराष्ट्राच्या भूमीवर झालेल्या प्राणिवर्तनाच्या प्रयोगांत तो अग्रगण्य आहे. आपल्या शालेय पुस्तकांत भीमाशंकर येते ते ज्योतिर्लिंग आणि शेकरू यांच्यासाठी. भुंग्याला तिथे अजून जागा मिळायची आहे.

२२/
दुसरा प्रयोग पुण्याचा, आणि त्यात तर कागदही नाही. गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेड्या राघूवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा पक्षी जमिनीत बीळ करून घरटे करतो. दाखवायचे दृश्य एकच: उभा असलेला माणूस. माणूस अशा जागी उभा राहिला, जिथून त्याला घरटे दिसेल, तर पक्षी घरट्यात शिरायला कचरे. तेवढ्याच अंतरावर, पण मध्ये आडोसा असल्याने माणसाला घरटे दिसणार नाही अशा जागी तो असला, तर पक्षी अधिक निःशंकपणे आत जाई. म्हणजे आपल्याला काय दिसते एवढेच नव्हे, तर समोरच्याला काय दिसत असेल, याचाही हिशोब तो करत असावा. आपल्या पूर्वजांनी याला 'वेडा' का म्हटले असेल!

२३/
उलट टोकाचे उदाहरण २०२३ चे. अमेरिका व ब्रिटनमधील संशोधकांनी १८ पाळीव पोपटांना घंटी वाजवून, टॅबलेटवर दुसऱ्या पोपटाचे चित्र निवडून त्याला व्हिडिओ कॉल करायला शिकवले. वृत्तपत्रांनी 'पोपटांची मैत्री' म्हणून ते छापले. पोपट गायले, नाचले, हे खरे. पण त्यांना पडद्यावर कोणते रंग दिसत होते, हा पंधराव्या पोस्टमधला प्रश्न बातम्यांत कुठेच नव्हता.

२४/
हे सारे कुतूहलापुरते असते, तर धागा येथे थांबला असता. परंतु नान्नज. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले अभयारण्य, तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरचे, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले. आज तिथे काळवीट दिसतात; माळढोक दिसणे ही बातमी होते. देशभर या पक्ष्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण विजेच्या तारा. इतका मोठा पक्षी, मोकळे आकाश, आणि तार दिसत कशी नाही?

२५/
२०१० मध्ये ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी आफ्रिकेतला कोरी बस्टर्ड तपासला. तो माळढोकाच्याच प्रजातीचा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचे दृश्य अरुंद. खाली जमीन न्याहाळण्यासाठी त्याने मान सुमारे २५ अंश झुकवली, तर उडण्याच्या दिशेने तो आंधळा होतो. तार धूसर दिसते असे नाही. त्या क्षणी समोर काहीच दिसत नाही. माणूस समोर पाहत चालतो, म्हणून उडणारा पक्षीही समोर पाहत असेल, हे आपण गृहीत धरले होते.

२६/
१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातमधील माळढोकाच्या क्षेत्रांत तारांवर लटकत्या चकत्या लावण्याचा आणि शक्य तिथे तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. या चकत्या म्हणजे पक्ष्यासाठी टांगलेले दृश्यच. ते उपयुक्त नाही असे नव्हे. मान वर असलेल्या पक्ष्याला ते दिसेल. पण झुकलेल्या मानेच्या पक्ष्यासाठी ते बंद मोबाइलसारखे आहे. मार्टिन आणि शॉ यांनी म्हणून वेगळाही उपाय सुचवला. पक्ष्याला तारेपासून दूर, जमिनीवर उतरायला लावावे. त्यासाठी तिथे त्याच्याच जातीच्या पक्ष्यांच्या प्रतिकृती उभ्या कराव्यात. म्हणजे बुजगावणेच, फक्त उलट कामासाठी.

२७/
एक सूचना. धागा वाचून कोणी उजनीच्या काठी रोहितांपुढे किंवा नान्नजला काळविटांपुढे मोबाइल नाचवू नये. रानातल्या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि पृष्ठवंशीय प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० च्या कायद्यानुसार रीतसर परवानगी लागते. घरच्या मांजरापुढे मासोळ्यांचा खेळ लावायला मात्र कोणाची हरकत नाही. तिचा डोळा लाल रंग फारसा टिपत नाही, एवढे लक्षात ठेवा.

२८/
सातव्या पोस्टमधल्या चित्त्यांविषयी अनेक जण विचारतील, याची कल्पना आहे. भारतातले चित्ते संपत आल्यावर कोल्हापूरने शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले, त्यांना सांभाळणारी माणसे कोण होती, आणि संस्थान विलीन झाल्यावर त्यांचे काय झाले, यावर पुढचा धागा लिहीन.